निकोबारचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘कौन बनेगा करोडपती’च्या पाचव्या पर्वातील सुशील कुमार यांच्या भागावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : २०११ साली पाच कोटी रुपयांसाठी विचारलेला तो शेवटचा प्रश्न इतिहासाचा नव्हता, निव्वळ सनावळीचा होता, डेन्मार्कने भारतातील आपली ठाणी १८४५ सालीच विकली असल्यामुळे प्रश्न मुळातच चुकीचा होता, डेन्मार्कचा आपल्या, विशेषतः मराठ्यांच्या, इतिहासाशी नाव घेण्याजोगा संबंध नाही, आणि २००० साली हर्षवर्धन नवाथे यांना एक कोटीसाठी विचारलेला राज्यघटनेवरील प्रश्न याहून कितीतरी योग्य होता. हे आक्षेप आपण गांभीर्याने मांडले आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

प्रथम तो प्रश्न समोर ठेवू. १६ ऑक्टोबर १८६८ रोजी निकोबार बेटांवरील आपले हक्क ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातील आपला संबंध संपुष्टात आणला, असा त्याचा आशय होता. बेल्जियम, इटली, डेन्मार्क आणि फ्रान्स असे चार पर्याय होते आणि उत्तर अर्थातच डेन्मार्क होते.

आपला १८४५ सालाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून तो आधी घेतो. त्या वर्षीच्या करारान्वये डेन्मार्कने तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजे युरोपीय नकाशांतील ट्रांकेबार, आणि बंगालमधील हुगळीच्या पश्चिम तीरावरचे श्रीरामपूर ही दोन्ही ठिकाणे साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकली, हे आपण म्हणता तसेच आहे. परंतु या विक्रीत निकोबार बेटांचा समावेश नव्हता. या बेटांवर डेन्मार्कने १७५६ साली आपला हक्क जाहीर केला होता आणि त्यांचा कारभार तरंगमबाडीहून चालत असे, त्यामुळे ती डॅनिश भारताचाच भाग मानली जात. तिथे वस्ती करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले आणि हिवतापाने माणसे मरत गेल्यामुळे ते पुन्हा पुन्हा सोडूनही द्यावे लागले. मोरेव्हियन पंथाच्या धर्मप्रसारकांनी १७६८ पासून जवळपास वीस वर्षे तिथे तग धरला, पण त्यांच्यापैकी कितीतरी जण त्याच मातीत पुरले गेले. १८४८ नंतर वसाहत अशी काही उरली नाही. उरला तो कागदावरचा हक्क. म्हणूनच प्रश्नकर्त्याने बेटे विकली असे न म्हणता हक्क विकले असे म्हटले आहे, आणि ही काळजी मला दाद देण्याजोगी वाटते. १८४५ साली डेन्मार्क मुख्य भूमीवरून गेला. भारतातील त्याचा शेवटचा दुवा १८६८ सालीच तुटला. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी बेटांचा रीतसर ताबा घेऊन नानकौरी बंदरात कैद्यांची वसाहत उभारली, ती १८८८ पर्यंत होती.

आता सनावळीबद्दल. आपण पुन्हा एकदा प्रश्न वाचावा, अशी विनंती आहे, कारण त्यात सन विचारलेला नाही, सन दिलेला आहे. स्पर्धकाला तारीख पाठ असण्याची काहीही गरज नव्हती. त्या तारखेचा उपयोग करून विचार करण्याची गरज होती. १८६८ म्हणजे कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य येऊन दहा वर्षे झाली होती, पोर्ट ब्लेअरला काळ्या पाण्याची वसाहत वसली होती, सुएझ कालव्याचे काम संपत आले होते. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या आणि जवळून जाणाऱ्या जहाजांवरील खलाशांवर हल्ले होत असल्याच्या तक्रारी ज्यांच्याबद्दल वारंवार येत होत्या, अशा बेटांवर दुसऱ्या कुणाचा नाममात्र हक्क असणे ब्रिटिशांना परवडणारे नव्हते. डेन्मार्कचेही दिवस पालटले होते. १८५० साली त्याने आफ्रिकेतील गोल्ड कोस्टवरील किल्ले ब्रिटिशांनाच विकले होते आणि १८६४ च्या युद्धात श्लेस्विग व होल्श्टाइन हे प्रांत गमावले होते. दूरची, तोट्यातली ठाणी एकेक करून काढून टाकणारे हे छोटे राज्य आहे, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याला सन पाठ नसला तरी उत्तरापर्यंत पोचता येते.

चार पर्यायांकडे पाहिले तर हेच अधिक स्पष्ट होते. फ्रान्स सर्वांत आधी गळतो, कारण पुदुच्चेरी १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होती हे शाळेच्या पुस्तकातही असते. इटलीचा पर्याय वरवर पाहता हास्यास्पद वाटतो, परंतु १८६१ साली एकसंध झालेल्या इटलीने त्याच दशकात ही बेटे डेन्मार्ककडून विकत घेण्यासाठी बोलणी चालवली होती आणि ती फिसकटली. बेल्जियम हा देश १८३० चा. मात्र आज त्या देशात असलेल्या ऑस्टेंड बंदराच्या नावाने १७२२ साली स्थापन झालेल्या कंपनीची बंगालमध्ये बांकीबाजार येथे वखार होती. म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायालाही भारताच्या इतिहासाचा थोडाफार आधार होता. सुशील कुमार यांनी त्या खुर्चीत बसून नेमका कसा विचार केला, या चर्चेत मी शिरत नाही, कारण माझे म्हणणे प्रश्नाबद्दल आहे. मोतिहारीहून आलेल्या, रोजगार हमी योजनेत संगणक चालवण्याचे काम करणाऱ्या तरुणाला हा प्रश्न विचारला गेला आणि तो त्याच्या आवाक्याबाहेरचा ठरला नाही, याचा मला आनंदच वाटतो.

आपल्या ज्या आक्षेपाने मला खरोखर वाईट वाटले, तो मराठ्यांच्या संबंधाचा. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी तरंगमबाडीला डान्सबोर्ग हा किल्ला बांधला. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात तंजावरची गादी व्यंकोजीराजांकडे आली आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या हे डॅनिश ठाणे भोसल्यांच्या राज्याच्या कुशीत, भोसल्यांना वार्षिक देणे देत राहिले. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाचा वंश ज्यांचा शेजारी आणि धनी होता, त्यांना मराठ्यांच्या इतिहासाबाहेर कसे ठेवायचे? अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात राज्याने ज्या टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहावे असे सांगितले आहे, त्यांत फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) आणि फरासिस (फ्रेंच) यांच्या बरोबरीने डिंगमारही आहेत, आणि ते डिंगमार म्हणजेच हे डॅनिश लोक. अमात्यांना ज्यांची दखल घ्यावीशी वाटली, त्यांची दखल आपण घेऊ नये, हे मला समजत नाही.

तंजावरचेच आणखी सांगायचे तर, १७५० साली डॅनिश मिशनतर्फे तरंगमबाडीला आलेला श्वार्ट्झ हा जर्मन धर्मोपदेशक पुढे तुळजाजीराजांच्या विश्वासातला झाला, आणि राजांनी अखेरच्या दिवसांत आपला दत्तक मुलगा त्याच्या हाती सोपवला. हाच मुलगा म्हणजे सरफोजीराजे, ज्यांनी तंजावरचे ग्रंथालय समृद्ध केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी छापखाना काढला. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले.

श्रीरामपूरची गोष्ट तर मराठी वाचकाने विसरूच नये. कंपनीला आपल्या मुलखात धर्मप्रसारक नको होते, म्हणून १८०० साली विल्यम केरी हा इंग्रज धर्मप्रसारक डॅनिश झेंड्याच्या आश्रयाला श्रीरामपुरात आला आणि तिथे त्याच्या सहकाऱ्यांनी छापखाना उभारला. त्या छापखान्यातून १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मोडी लिपीतील शब्द देणारा मराठी-इंग्रजी कोश आणि पुढे नागपूरकर भोसल्यांची वंशावळ बाहेर पडली. वैजनाथ पंडितांचे साहाय्य या कामाला होते. पुण्यामुंबईत मराठी छपाई रुजण्यापूर्वी आपल्या भाषेची पुस्तके डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालील एका गावात छापली जात होती. तिथल्या महाविद्यालयाला पदव्या देण्याची सनदही १८२७ साली डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजानेच दिली.

नवाथे यांच्या प्रश्नाशी आपण केलेली तुलना मला अप्रस्तुत वाटते. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, हा प्रश्न उत्तम होता आणि महान्यायवादी हे त्याचे उत्तर प्रत्येक नागरिकाला माहीत असायला हवे. परंतु राज्यघटनेवरचा प्रश्न चांगला असल्याने इतिहासावरचा प्रश्न वाईट ठरत नाही.

मात्र या प्रश्नावर माझाही एक आक्षेप आहे आणि तो आपल्या आक्षेपांच्या अगदी उलट दिशेचा आहे. पर्यायांत हॉलंड असायला हवे होते. वलंदेजांनी १८२४ च्या तहाने बंगालमधील चिनसुरा आणि भारतातील इतर वखारी ब्रिटिशांना दिल्या. मलाक्काही त्यांनी त्याच तहात सोडले, पण जावा आणि सुमात्रा या बाजूला मात्र ते ठाण मांडून राहिले. निकोबार सुमात्र्याच्या टोकापासून फार दूर नाही, त्यामुळे जाणकार माणूसही क्षणभर हॉलंडकडे झुकला असता, आणि मग १८२४ व १८६८ यांतील फरक ज्याला कळतो त्यालाच उत्तर देता आले असते. पाच कोटींच्या प्रश्नात बेल्जियमऐवजी हॉलंड ठेवले असते, तर तो अधिक कठीण आणि अधिक न्याय्य झाला असता.