परका रेडिएटर

जीप आबांची. डिझेल माझं. पाणी मात्र ती ज्याचं दिसेल त्याचं पिते.

आमच्या बीडकडं भर मे महिन्यातही दारात आलेल्या माणसापुढं आधी पाण्याचा तांब्या येतो. त्याच दारात जाऊन गाडीसाठी एक कॅन मागून बघा, घरमालकाचा चेहरा टँकरची तारीख आठवल्यागत होतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात गळका रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी, घेऊन फिरायचं म्हणजे माणसाकडं गेंड्याची कातडी पाहिजे. एकदा मांजरसुंब्याच्या घाटात बॉनेट वर करून उभा होतो. डोक्यावर घागर घेतलेल्या एक आजी थांबल्या, वाफेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माणसाला न्हाई प्यायला, अन् ही भवानी घटाघटा पितीय व्हय?" घागर मात्र त्यांनी उतरवली.

तसा जुना रेडिएटर दणकट, तांब्या-पितळेचा. पण आयुष्यभर बोअरचं पाणी पिऊन त्याच्या नळ्यांत पांढरे क्षार बसले होते. अर्ध्या नळ्या बुजलेल्या आणि उरलेल्यांतल्या गळणाऱ्या नळ्या वेळोवेळी डाख लावून कायमच्या बंद केलेल्या. शेवटी कुणीतरी हळद सुचवली. रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक गळती बुजते, हे खरं आहे. आमच्या घरात वसमतची असल हळद होती. गळती थांबली, आणि पाण्याचं फिरणंही थांबलं.

नव्या रेडिएटरसाठी दुकानात गेलो तर काउंटरवरच्या पोरानं गाडीचं नाव ऐकून आतल्या मालकाला बोलावलं, आणि मालकानं मला चहा पाजून परत पाठवलं. मग उरला आमचा मेकॅनिक, उस्ताद.

"सर, एका पिकअपचा आलाय भंगारात. लई मस्त माल हाय."

"पण जीपला बसेल का?"

"बसतोय की!"

माप त्यानं वितीनं घेतलं. जीपची वीत जीपपाशी आणि रेडिएटरची वीत भंगारवाल्याकडं. मधल्या रस्त्यात ती किती वाढली असेल ते असो. रेडिएटर आला तो अ‍ॅल्युमिनियमचा, दोन्हीकडं प्लास्टिकच्या टाक्या, मधे रबर आणि कडेनं पत्र्याचे दात आवळलेले. इतका हलका, की उस्तादच्या पोऱ्यानं एका हातात उचलून आणला. याला भोक पडलं तर डाख लागत नाही, फेकूनच द्यावा लागतो. उस्तादनं ही माहिती हळहळत दिली आणि पैसे न हळहळता घेतले.

जीपच्या जबड्यात तो धरून बघितला. रुंदीला जास्त, उंचीला कमी. जुन्या पट्टीची भोकं एकीकडं, याचे कान भलतीकडं. इंजिनाचं पाण्याचं तोंड उजवीकडं, याचं डावीकडं. जुळत होता फक्त रंग, कारण दोघांवरही धूळ एकाच तालुक्याची होती.

"बसतोय की," उस्ताद म्हणाला आणि त्यानं ग्राइंडर हातात घेतला.

रेडिएटर जीपला बसवायचा म्हणून आलो होतो. ठिणग्या उडायला लागल्यावर कळलं, की जीपच रेडिएटरला बसवायची आहे. कान नव्हे, जीपची पट्टी कापली गेली. खाली रबराचे बुश म्हणून टायरचे तुकडे आले. वरचा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, पंख्यासमोरून आडवा न्यायचा, तर तेवढा लांब होज कुठल्याच गाडीचा निघेना. मग शेजारच्या सायलेन्सरवाल्याकडून लोखंडी पाइप वाकवून आणला. मला वाटलं, झालं. पण उस्तादनं त्याच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा बारीक कडा गोल फिरवून घेतला, घासून गुळगुळीत केला आणि मगच त्यावर रबर चढवून क्लॅम्प आवळला. तो कडा नसेल तर पाणी तापून दाब आला की होज पाइपावरून सटकतो. ज्या माणसानं माप वितीनं घेतलं, तो या कड्यापाशी अर्धा तास बसला होता. कुठं घाई करायची आणि कुठं नाही, याचा हिशेब त्याच्याकडं पक्का होता. आपल्याला तो बघून कळत नाही, एवढंच.

पंख्याभोवती काऊल, म्हणजे पत्र्याचं कडं, लागतं, नाहीतर पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून तीच तीच हवा घुसळत बसतो. जुनं काऊल नव्या रेडिएटरवर येईना.

"सर, घरी तेलाचा डबा असंल ना? पंधरा किलोचा?"

डबा होता. तो ज्वारी भरायला धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेला होता, हे मला तो कापून झाल्यावर फोनवर सांगण्यात आलं. आज बॉनेट उघडलं की पंख्याभोवती 'शुद्ध सोयाबीन तेल' अशी अक्षरं गोल फिरलेली दिसतात.

पाणी भरायला घेतलं तर नवीच भानगड. रेडिएटर बुटका, त्यामुळं त्याचं झाकण इंजिनातल्या पाण्याच्या वरच्या तोंडाच्या खाली. आत हवा अडकायला लागली. मग जीपचं नाक मुरमाच्या ढिगावर चढवलं, इंजिन चालू ठेवलं आणि पोऱ्या वरचा होज दाबत बसला. दाबला की झाकणाच्या तोंडातून बुडबुड, पातळी गपकन खाली, पुन्हा पाणी. यावेळी बोअरचं नाही, कूलंट घातलं होतं. त्याचा हिरवा रंग बघून एका गिऱ्हाइकानं विचारलं, "सर, सरबत पाजायलाव का?"

पहिल्या फेरीला जीप हायवेला लागली आणि तापमानाचा काटा पुन्हा वर. थांबून बॉनेट उघडलं तर सगळं ठणठणीत. उस्तादला फोन केला. तो म्हणाला, जागेवरच रेस करा आणि खालचा होज बघा. बघितला, तर होज पार चपटा! पंप खालच्या होजमधून पाणी ओढतो. वेग वाढला की मऊ होज आत चिमटतो आणि पाणी बंद. जुन्या होजमध्ये त्यासाठीच तारेची स्प्रिंग होती, तीच नव्यात घातली. तोवर आमच्याभोवती पाच-सहा बप्पा, म्हणजे गावातले वडीलधारे, जमले होते. त्यातले एक फडकं घेऊन गरम झाकण उघडायला निघाले, त्यांना हाताला धरून मागं ओढलं. झाकणाखाली दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की सगळा उकाळा एकदम तोंडावर येतो. त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, मला शिकवायलाव?" बोलताना मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग त्यांनी बाहीखाली घेतला.

उन्हाळा निघाला. घाट दुसऱ्या गिअरवर चढलो, काटा जागचा हलला नाही. पण या सगळ्या धांदलीत उस्तादनं मला न विचारता थर्मोस्टॅट काढून फेकला होता. "गरम मुलखात काय कामाचा तो?" हे मला साफ चुकीचं वाटतं. तो असला की इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जात नाही. नसला की थंडीत इंजिन तापतच नाही, धूर टाकतं आणि डिझेल पितं. डिसेंबरात तेच झालं. पहाटे परभणीला लग्नाला निघालो, तर निम्मा रस्ता झाला तरी काटा तळाशीच.

"सर, पुढून पुठ्ठा लावा," उस्ताद म्हणाला. "अर्धी जाळी झाका."

"एवढा मोठा रेडिएटर घेतला, आणि आता तो झाकायचा?"

"थंडीपुरता हो. उन्हाळ्यात काढायचा की!"

पुठ्ठा बाहेरून विकत आणावा लागला. डब्यानंतर घरातली वस्तू जीपला लावायची नाही, असा ठराव झालेला आहे.