पट्ट्यांचे वय आणि पसरण्याचा वेग: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर (जिथे तळ दुभंगून दोन्ही बाजूंना पसरतो आणि मधोमध नवा खडक तयार होतो) मी लिहिलेल्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. असा नवा खडक गोठताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपतो, आणि त्यातून सुलट्या-उलट्या दिशेचे पट्टे तयार होतात. सागरतळावरील या चुंबकीय पट्ट्यांचे वय पसरण्याच्या वेगावरून ठरवायचे आणि मग तोच वेग त्या वयावरून काढायचा, हा सरळसरळ अन्योन्याश्रय दोष आहे, असा आपला मुख्य आक्षेप आहे. शिवाय मी दिलेला वर्षाला दीड सेंटिमीटरचा आकडा इतरत्र जवळजवळ दुप्पट दिसतो, आणि रांगेच्या मध्यभागी चुंबकीय क्षेत्र घटलेले दिसत असतानाही मी तेथील खडकाला ‘आजच्या दिशेचा’ म्हटले, याकडेही आपण बोट दाखवले आहे.

आकड्याबाबतची चूक माझीच आहे. दीड सेंटिमीटर हा रांगेच्या एका बाजूचा वेग झाला. दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना सरकत असल्याने त्या एकमेकींपासून दूर जाण्याचा वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर धरावा लागतो, आणि रांगेच्या लांबीत तो ठिकठिकाणी कमी-अधिकही होतो. मी ‘एका बाजूचा’ हे दोन शब्द गाळले आणि वाचकांची दिशाभूल केली.

मुख्य आक्षेपाकडे वळतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि कोणता अर्धा खरा, हे सांगण्यासारखे आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटते, हे समुद्रावरून नव्हे, तर जमिनीवरच्या लाव्हावरून कळले. फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रून यांना 1906 मध्ये उलट्या दिशेने चुंबकित झालेला लाव्हा सापडला होता, आणि 1929 मध्ये जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी अशा खडकांचा संबंध काळाशी जोडला. (आपण बोरघाटातून पुण्याला जात असाल, तर दोन्ही बाजूंना दिसणारे बेसाल्टचे थरही उलट्या दिशेचेच आहेत.) पुढे 1960 च्या दशकात कॉक्स, डोएल आणि डॅलरिंपल यांनी अशा लाव्हांचे वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने मोजले. वितळलेल्या लाव्हातून आर्गॉन वायू निघून जातो, आणि खडक गोठल्यावर पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून तो ठरावीक गतीने पुन्हा साठू लागतो. या मोजणीत समुद्राचा, पर्वतरांगेचा किंवा पसरण्याचा कुठेही संबंध येत नाही. गेल्या सुमारे चाळीस लाख वर्षांतील उलटापालटीचे वेळापत्रक अशा स्वतंत्र मार्गाने तयार झाले, त्यामुळे तेवढ्या काळापुरता अन्योन्याश्रयाचा आरोप टिकत नाही.

पसरत्या सागरतळावरचे पट्टे म्हणजे याच उलटापालटींची नोंद, ही कल्पना व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी 1963 मध्ये मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर याच कार्ल्सबर्ग रांगेवरची मोजमापे होती. तथापि मन वळवणारा पुरावा 1966 मध्ये दक्षिण पॅसिफिकमधून आला. एल्टॅनिन जहाजाच्या एका फेरीत मिळालेला आलेख रांगेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिबिंबासारखा जुळत होता. तेथील रुंद-अरुंद पट्ट्यांचा क्रम लाव्हांच्या वेळापत्रकाशी लावून पाहताना हाताशी बदलता येणारी संख्या एकच असते, ती म्हणजे वेग. एक वेग धरला की अनेक सीमा एकदम आपापल्या जागी बसाव्या लागतात, आणि त्या बसल्या. वेगळ्या वेगाने पसरणाऱ्या रांगांवरही हाच क्रम दिसतो, फक्त कुठे ताणलेला, तर कुठे दाबलेला.

आपला आक्षेप लागू पडतो तो त्याहून जुन्या पट्ट्यांना. 1968 मध्ये हाइर्ट्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वेळापत्रक जवळजवळ आठ कोटी वर्षांपर्यंत मागे नेले, आणि ते करताना दक्षिण अटलांटिकचा तळ सारा काळ एकाच वेगाने पसरत आला, असे त्यांनी उघडपणे गृहीत धरले. त्या क्षणी तरी तेथे वेगावरूनच वय काढले जात होते. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ग्लोमर चॅलेंजर जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये विवरे खणली, आणि बेसाल्टला अगदी लागून असलेल्या गाळातील जीवाश्मांचे वय रांगेपासूनच्या अंतराबरोबर वाढत जाते, असे आढळले. गृहीतक अशा रीतीने बाहेरून तपासले गेले, आणि पुढेही त्यात दुरुस्त्या होत राहिल्या.

वेळापत्रक चुकले की वेगही चुकतो, हे मात्र निर्विवाद आहे, आणि तसे घडलेलेही आहे. समजा, शेवटच्या उलटापालटीची सीमा रांगेपासून 11.7 किलोमीटरवर आहे. त्या घटनेचे वय पूर्वी 7.3 लाख वर्षे मानत, तेव्हा एका बाजूचा वेग वर्षाला 1.6 सेंटिमीटर आला असता. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांच्या खुणा गाळात मोजून 1990 मध्ये ते वय सुमारे 7.8 लाख ठरले, आणि त्या हिशेबाने तोच वेग 1.5 वर येतो. तीस लाख वर्षांच्या पट्ट्यांवर उभारलेल्या, भूपट्टांच्या हालचालींच्या जागतिक प्रतिमानातील सगळे वेग 1994 मध्ये याच कारणाने चार टक्क्यांहून थोडे अधिक खाली आणावे लागले. उपग्रहांवरून मोजलेल्या आजच्या वेगांशी ते त्यानंतर अधिक चांगले जुळू लागले.

जहाजाचे लोखंडच चुंबकीय मोजणी बिघडवत असेल, अशी शंकाही आपण जाता जाता काढली आहे. चुंबकमापी जहाजामागे लांब केबलवर ओढतात, एवढे त्यावर पुरेसे आहे. मुंबईकरांना मात्र ही अडचण परकी नसावी: विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी 1904 पासून अलिबागला हलवण्यास सुरुवात झाली, आणि सांधा नीट जुळावा म्हणून दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेतल्या गेल्या.

राहिला आलेखातला मध्यभागचा खळगा, म्हणजे रांगेवर घटलेले दिसणारे क्षेत्र. चुंबकीय विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ आडवे, उत्तरेकडे रोखलेले असते. त्याच दिशेने चुंबकित झालेला खडक आडव्या ठेवलेल्या पट्टीचुंबकासारखा वागतो, आणि अशा चुंबकाच्या बरोबर वरच्या जागी त्याचे स्वतःचे क्षेत्र उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट जाते. म्हणून तेथे आजच्या दिशेच्या खडकावर बेरीज घटते, तर उत्तर अटलांटिकमध्ये, जेथे क्षेत्र तीव्र उतारावर खाली झुकलेले असते, तेथे तशाच खडकावर ती वाढते. मी आकृती कार्ल्सबर्ग रांगेची दिली आणि स्पष्टीकरण अटलांटिकला शोभेल असे लिहिले. आकृतीखालची ती ओळ आणि ‘एका बाजूचा’ हे गाळलेले शब्द, दोन्ही आज मूळ लेखात दुरुस्त केले आहेत.