पॅनेलचा रंग निघाल्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडे रंगवलेल्या तुमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या (बाहेरच्या पत्र्याच्या पेटीच्या) पॅनेलचा रंग निघाला, ऐन लग्नसराईत तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी.

पण तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांचं काम पाच दिवस लांबवलं, ३,२०० रुपये घेतले, आणि रंग चार दिवसांत उडाला म्हणजे माल हलका वापरला. यातलं शेवटचं वाक्य आम्हाला फार लागलं. जुन्या कॅबिनेटला आरपार दिसणारी खिडकी पाडून, रंगवून, पंखे बसवून घ्यायला येणारी बहुतेक कॉलेजची मुलं असतात. ती आधी रिव्ह्यू बघतात, मग दुकानाची पायरी चढतात. ‘हलका माल’ हे दोन शब्द आमच्या पोटावर येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. रंग तीन जागी निघालाय. मागच्या दोन थंब स्क्रूंभोवती (हातानं फिरवायच्या स्क्रूंभोवती) गोल, खालच्या कडेला जिथे पॅनेलचे हूक खाचेत सरकतात तिथे, आणि पॅनेलवर मधोमध एक तिरपी रेघ. तिन्ही जागी खाली करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारायचा अस्तराचा थर, शाबूत आहे, पत्रा कुठेच उघडा पडलेला नाही. पत्रा नीट घासला नसता किंवा तेलकट राहिला असता, तर प्रायमरसकट पापुद्रा सुटून चकचकीत पत्रा दिसला असता, आणि तो सपाट भागावरही सुटला असता. तसं झालेलं नाही. जिथे दाब आला आणि घासलं गेलं तिथेच वरचा रंग सरकलाय. हे ओल्या रंगाचं लक्षण आहे, हलक्या मालाचं नाही.

ती तिरपी रेघ दोरीची आहे. शुक्रवारी सकाळी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारला आणि त्याच संध्याकाळी कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून, नायलॉनच्या दोरीनं बाइकच्या कॅरियरला आवळून अमळनेरला गेलं. स्प्रेचा रंग हाताला कोरडा लागतो तो अर्ध्या-पाऊण तासात, पण त्यात फसायचं नसतं. दुधावर साय धरावी तसा वरचा थर आधी आवळतो, आणि खालच्या थरांतलं थिनर पुढे कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहतं. हाताळण्याजोगा व्हायला निदान २४ तास, आणि स्क्रू आवळला तरी वळ उठू नये इतका कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर प्लास्टिक गुंडाळलं की थिनरला बाहेर पडायला वाटच उरत नाही, रंग परत मऊ पडतो आणि प्लास्टिकच्या सुरकुत्या त्यावर उमटतात. हे सगळं तुम्हाला कॅबिनेट देताना तोंडी सांगितलं होतं. पावतीवरही लिहिलंय: ‘रंग ओला आहे. ८ दिवस पॅनेल आवळू नये, गुंडाळू नये.’ पावती तुमच्याकडे असेलच, बघून घ्या.

तुमची अडचण आम्हाला कळत होती. रविवारच्या लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग त्याच मशीनवर होतं. म्हणून तर हो-नाही करत शुक्रवारीच सगळं जोडून दिलं. पण घाई तुमची आणि दोष मालाचा, हे काही पटत नाही.

आता पाच दिवसांचं सांगतो. सोमवारी संध्याकाळी कॅबिनेट आलं ते मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), हार्ड डिस्क सगळं आत तसंच ठेवून. ते उतरवल्याशिवाय पत्र्याला ड्रिल लावताच येत नाही. पत्रा कापताना जो बारीक चुरा उडतो त्यातला एक कण जरी बोर्डावर दोन पिनांच्या मध्ये बसला, तरी मशीन चालू करताच शॉर्ट व्हायची भीती. म्हणून मंगळवारची सकाळ उतरवण्यात गेली. मग समोरच्या बाजूला पंख्यांची भोकं. १२० मिमीच्या पंख्याला चार स्क्रूंचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमी लागतं. ते एका मिलिमीटरनं चुकलं की पंखा तिरका बसतो आणि घरघर सुरू होते. आधी मास्किंग टेप लावून त्यावर आखणी, मागून प्लायचा तुकडा शिकंजात धरून बारीक दात्यांच्या पात्यानं कापणी. प्लाय न लावता कापलं की पातळ पत्रा थरथरतो आणि कड लाटेसारखी वाकडी येते. नंतर कानस मारून कडेची धार घालवायची, नाहीतर पंख्याची वायर सोलते.

खिडकीच्या ॲक्रिलिकला (काचेसारख्या प्लास्टिकला) वेगळा वेळ. ३ मिमीची शीट जोरात कापली की तापून वितळते आणि मागे परत चिकटते, म्हणून सावकाश. भोकं स्क्रूपेक्षा एक मिमी मोठी पाडावी लागतात, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ४० सेंटिमीटरचा तुकडा सकाळ-दुपारच्या फरकानं अर्धा मिमी तरी वाढतो. घट्ट भोक पाडलं तर स्क्रूपासून तडा जातो. तुमच्या खिडकीला आज एकही तडा नाही. तेही रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुधवारी घासणं: आधी ३२० नंबरचा काचपेपर, मग थिनरच्या फडक्यानं पुसणं, मग प्रायमर, तो वाळल्यावर ६०० चा वॉटर पेपर. गुरुवारी रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. एकाच जाड हातात उरकलं तर ओघळ येतात आणि आतला थर महिनाभर मऊ राहतो. आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत. मे महिन्यात जळगावचं ऊन काय असतं ते अमळनेरकराला वेगळं सांगायला नको. पारा ४४-४५ वर गेल्यावर दुपारी स्प्रे मारला, तर रंगाचा फवारा पत्र्यावर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग काचपेपरसारखा खरबरीत होतो. म्हणजे रंगकामाला दिवसातून दोन-तीन तासच मिळतात. तुम्ही रोज दुपारी फोन करून ‘आत्ता मारून टाका’ म्हणत होता आणि आम्ही नाही म्हणत होतो, त्याचं कारण हेच.

ज्यांना खरोखर दोन दिवसांतच हवं असेल त्यांनी पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या भुकटीचा रंग, करावं. ते भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, थंड झालं की लगेच स्क्रू आवळता येतो. पण त्यासाठी प्लास्टिकचा प्रत्येक भाग काढावा लागतो, रिवेट तोडून परत मारावे लागतात, आणि एका कॅबिनेटसाठी भट्टी लावायला सहसा कोणी तयार होत नाही. तुमच्या ३,००० च्या आसपासच्या बजेटमध्ये ते बसत नव्हतं. तेव्हाही सांगितलं होतं.

पैशांचा हिशेब उघड आहे. प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचा एक असे चार डबे १,०००. स्मोक ॲक्रिलिक कापून ३५०. दोन पंखे ७००. जाळी, रबर बीडिंग, स्क्रू मिळून २५०. मजुरी ९००. एवढ्यात काचेचं नवीन कॅबिनेट येतं हे खरं आहे, आणि आम्ही स्वतःच तुम्हाला ते आधी दाखवलं होतं. पण त्याचा पत्रा बोटानं दाबला तरी दबतो, आणि डीव्हीडी रायटरला त्यात जागा नाही. गावाकडचे लोक अजून लग्नाची डीव्हीडी मागतात, म्हणून जुनंच कॅबिनेट ठेवायचं, हा निर्णय तुमचा होता आणि योग्यच होता.

एलईडी पट्टी लावली नाही, असंही लिहिलंय. तुम्ही आणलेली पट्टी तीन पिनांची, ५ व्होल्टची. तुमच्या बोर्डावरची जागा चार पिनांची, १२ व्होल्टची. जुगाड करून लावली असती तर पट्टी जळली असती. साटा वायरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरवरून) ५ व्होल्ट घेणारा छोटा कंट्रोलर आणा, फुकट जोडून देतो.

यापुढे रंगाचं काम घेताना वाळवणीचे दिवस धरूनच तारीख सांगू, आणि घाईच्या कामाचं काहीतरी वेगळं बघू. तुमच्या पॅनेलचं म्हणाल तर रंगाच्या डब्याचा खर्च आमचा, मजुरी नको. फक्त दोन्ही बाजूंची पॅनेल काढून आणा, अख्खं कॅबिनेट नको. मशीन पॅनेलशिवाय चालू शकतं, तुमचं काम अडणार नाही. तेवढे दिवस धुळीपासून जपा, आणि उघड्या बाजूवर टेबल फॅन रोखू नका, आत कापसासारखी धूळ बसते. आणताना प्लास्टिक नको, जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळा. तोवर निघालेल्या जागी पेट्रोल किंवा थिनरचं फडकं फिरवू नका. प्रायमर अजून चांगला आहे, तो उतरला तर काम परत पत्र्यापासून करावं लागेल. सकाळी दहाच्या आत आलात तर त्याच दिवशी पहिला हात मारता येईल. पण या वेळी पॅनेल आठ दिवस आमच्याकडेच राहतील.