घराभोवतीची झुडपं आणि 'सीक्वा'वरचा आरोप

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांत 16,000 हून जास्त इमारती जळाल्या. तेव्हापासून एक दावा फिरतोय: "पर्यावरण कायद्यामुळे लोकांना घराभोवतीची झुडपं काढता आली नाहीत. या कामाला सूट द्या, घरं वाचतील."

"काढता आली नाहीत" हेच मुळात खोटं आहे. कॅलिफोर्निया राज्याचा 1970 चा हा पर्यावरण कायदा, म्हणजे 'सीक्वा' (CEQA), सरकारी यंत्रणा स्वतः करतात किंवा मंजूर करतात त्या कामांना लागू होतो. आपल्या आवारातलं वाळकं गवत कापणाऱ्या घरमालकाकडे कुणी पर्यावरण अहवाल मागत नाही. उलट धोक्याच्या भागात घराभोवती 100 फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवणं राज्याने सक्तीचं केलंय. सरकारी कामांनाही सूट जुनीच आहे: इमारतीपासून 30 फुटांपर्यंत, आणि अग्निशमन यंत्रणेने जादा धोका ठरवला तर 100 फुटांपर्यंत. अट एवढीच, की दुर्मिळ प्रजाती मरू नयेत आणि माती वाहून ओढ्यात जाऊ नये. यातली कुठली अट जाचक आहे?

सूट दिल्याने घरं वाचतील, हेही पटत नाही. सांता अ‍ॅना या तिथल्या कोरड्या, जोरदार वाऱ्यात ठिणग्या साफ केलेला पट्टा सहज ओलांडून येतात. खिडकीखाली पसरलेला सालींचा भुसा, पन्हळीत साचलेला पाला, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण; घर पेटतं ते इथून. घराला लागूनच्या या पहिल्या 5 फुटांत पेटणारं काही नको, यासाठी कायदा 2020 मध्येच झाला. नियम 1 जानेवारी 2023 पर्यंत यायला हवे होते, आले नाहीत. या नियमांवरच्या 2025 च्या सुनावण्यांत वाद रंगला तो खर्चावर आणि झाडं काढण्यावर.

"जितकं साफ, तितकं सुरक्षित" हे तर उलटंही पडू शकतं. तिथली चॅपराल झुडपं पुन्हा पुन्हा उपटली की त्या जागी बाहेरून आलेलं गवत माजतं. ते लवकर वाळतं आणि झुडपांपेक्षा पटकन पेट घेतं. म्हणून काय काढायचं आणि पुढे देखभाल कोण करणार, हे आधी विचारायलाच हवं.

सरकारी जमिनीवरचे मोठे अग्निपट्टे (आग अडवायला झाडोरा काढलेले पट्टे) आणि नियंत्रित जाळणी कागदपत्रांत रखडते, ही तक्रार मात्र खरी आहे. जून 2025 मध्ये राज्याने अशा काही कामांना अटींसह सूट दिली, ते योग्यच झालं. पण राज्यातली सुमारे 57% वनजमीन केंद्र सरकारची आहे, आणि केंद्राच्या कामांना सीक्वा लागूच होत नाही.