गाडी मोठी म्हणून चूक पण माझीच का, भिया?

साडेतीन हजार गेले. रोख. आणि चूक माझी नव्हती, हे गेल्या आठ दिवसांत आईला सांगून झालं, बायकोला सांगून झालं, पुण्याच्या मेहुण्याला सांगून झालं, सकाळच्या पोहेवाल्याला तर दोनदा सांगून झालं, आता तुम्ही ऐका.

महेश्वरहून परत येत होतो. आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सोलर, सगळं पैसे साठवून साठवून केलेलं, आरसीवर बदल चढवायला आरटीओचे किती चक्कर मारले ते वेगळंच. तर राऊच्या पुढे इंदूर शहरात शिरताना ट्रॅफिक तुंबलेलं, मी दुसऱ्या गियरमध्ये, स्पीड असेल पंधरा, आणि समोरून राँग साइडने एका बाईकवर तीन पोरं, चालवणाऱ्याचा फोन खांद्याला आणि कानाला चिकटवलेला. मी दाबून ब्रेक मारला, गाडी थांबली, थांबलेल्या गाडीला ते डाव्या बाजूने घासत गेले आणि मागच्या चाकापाशी पडले. खिडकीखाली चार फूट लांब ओरखडा. पोराचं कोपर खरचटलं, बाकी देवाच्या दयेने काही नाही, पहिल्यांदा मी उतरून तेच बघितलं.

दोन मिनिटांत चाळीस माणसं. आणि चाळीसच्या चाळीस त्यांच्या बाजूने. एक गुटखावाला काका पुढे, "अंकल, बड़ी गाड़ी चलाते हो तो देख के चलाना पड़ेगा ना." मी म्हटलं, भाईसाब, गाड़ी खड़ी थी, वो उल्टा आ रहा था. त्यावर उत्तर काय, "वो तो ठीक है, पर बच्चे हैं." वो तो ठीक है!! या तीन-चार शब्दांत अख्खा मोटर वाहन कायदा गुंडाळून सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या जलेबीसारखा खाऊन टाकतात ही लोकं. सायकल आणि बाईक असेल तर चूक बाईकची, बाईक आणि कार असेल तर कारची, कार आणि ट्रॅव्हलर असेल तर ट्रॅव्हलरची. ट्रॅव्हलरला फक्त ट्रकने ठोकलं तरच मी निर्दोष, म्हणजे तोपर्यंत मी जिवंत असलो तर. मागे गाडीत आई बसलेली, तिचा बीपी, ऊन मी म्हणतंय, बायको खिडकीतून "अहो द्या आणि चला," दिले.

बॉडीवाल्याने त्या ओरखड्याचे बारा हजार सांगितले. विम्यात टाकू म्हटलं तर चार वर्षं सांभाळलेला ४५ टक्के नो क्लेम बोनस एका ओरखड्यापायी शून्यावर. म्हणजे क्लेम केला तरी मीच भरायचं, नाही केला तरी मीच भरायचं.

आणि तेव्हापासून जो भेटेल तो एकच, "डॅशकॅम लाव ना," म्हणजे काचेमागे लावायचा, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा. जसं काय माझी सर्दीची गोळी घ्यायची राहून गेलीय. पुण्याचा मेहुणा तर याच दिवसाची वाट बघत होता, त्याच्या एवढ्याशा हॅचबॅकमध्ये फोर के कॅमेरा आहे, दर रविवारी फॅमिली ग्रुपवर क्लिप टाकतो, कधी बैल आडवा, कधी पीएमटी आडवी, खाली "बघा कसं चालवतात." आता मला म्हणे, "भाऊजी, लाव आणि विसरून जा." अरे विसरून जा काय! मी आठ दिवस झाले रात्री एक-एक वाजेपर्यंत याच गोष्टी वाचतोय, बायको म्हणते, "मुलीचं स्थळ बघताना एवढं वाचलं नव्हतंत."

ऐका मग, किती सोपं आहे ते.

जेल रोडला गेलो. तीन हजारापासून पंचवीस हजारापर्यंत डबे मांडलेले. दुकानदाराला विचारलं आत लिथियमची बॅटरी आहे का सुपरकपॅसिटर, तो म्हणाला, "भिया सब है इसमें." सब कसं असेल? दोनातलं एक असतं. आणि इथे तेच एक महत्त्वाचं आहे, कारण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बाहेर ४३-४४ असलं की बंद गाडीत काचेमागे साठच्या वर सहज जातं, ट्रॅव्हलरची समोरची काच म्हणजे घराच्या खिडकीएवढी, तिथे लिथियमची बॅटरी फुगते, पापडासारखी. सुपरकपॅसिटर उन्हाला टिकतो, पण त्यात चार्ज काही सेकंदांचाच, चालू फाइल सेव्ह करून बंद होण्यापुरता, म्हणजे उभ्या गाडीत कॅमेरा चालवायचा तर वायर सरळ बॅटरीला जोडायची. तर कुठल्या बॅटरीला? आमच्या गाडीत दोन आहेत, एक इंजिनची, एक घराची. मेहुण्याला विचारलं, त्याला दोन बॅटऱ्या असतात हेच माहीत नाही, फोर के वाला.

इंजिनच्या बॅटरीला जोडलं तर पार्किंग मोडमध्ये समजा पाव अँपिअर ओढतो, दिवसाचे सहा अँपिअर-अवर, दहा दिवसांत साठ. आमची गाडी महिन्यातले पंचवीस दिवस सुदामा नगरच्या गल्लीत उभी असते. म्हणजे एकतर अकराव्या दिवशी धक्का मारायला पोरं गोळा करा, ट्रॅव्हलरला, धक्का! किंवा ते कटऑफवालं किट लावा, बारा व्होल्टच्या खाली गेलं की कॅमेरा आपोआप बंद. छान. म्हणजे चोर तेराव्या दिवशी आला तर कॅमेरा झोपलेला. आणि उभ्या गाडीचंच तर दुखणं आहे हो, दिवाळीच्या आधी कोणीतरी रात्री रिव्हर्स घेताना मागची शिडी वाकवून गेला, समोरच्यांच्या सीसीटीव्हीत बघू म्हटलं तर ते म्हणाले, "तो बंद आहे, नुसता दाखवायला लावलाय." बरोबर, आमच्या गल्लीत दाखवायला लावलेल्या गोष्टी फार.

बरं घराच्या बॅटरीला जोडू, ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, मोठी आहे, वर सोलर आहे. पण त्या बॅटरीचं व्होल्टेज जवळजवळ रिकामी होईपर्यंत तेराच्या आसपासच राहतं, आणि ते कटऑफ किट लेड-अ‍ॅसिडच्या हिशोबाने बनवलेलं, त्याला वाटतं सगळं भरलेलंच आहे, आणि बारावर येऊन ते जागं होईपर्यंत आतला फ्रिज आणि पाण्याचा पंप राम म्हणून मोकळे. सोलर भरेल म्हणाल, तर गाडी कडुनिंबाखाली लावतो, उन्हाने पत्रा तापतो म्हणून. सावलीत लावली तर सोलर मेलं, उन्हात लावली तर कॅमेरा भाजला. सांगा आता, विसरून जा म्हणे.

मागच्या कॅमेऱ्याची गंमत तर वेगळीच. डब्यात जी वायर येते ती साडेपाच-सहा मीटरची, कारच्या मापाची. आमची गाडीच सात मीटरच्या घरात, आणि वायर काय हवेतून जाणारेय? काचेवरून वर, छताच्या अस्तरातून, कपाटांच्या मागून, बेडला वळसा घालून, दहा मीटर पाहिजे. लांब वायर मिळते का विचारलं, दुकानदार म्हणाला "जोड़ मार देंगे." जोड़! व्हिडिओच्या वायरीला टेप लावून जोड! पहिल्या गतिरोधकावर चित्र गायब. त्यात फर्निचर प्लायचं, अस्तर उघडायला आधी कपाटं उतरवा, सुतार वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, आणि दोघे एका दिवशी येतील तर मी खजराण्याच्या गणपतीला मोदक चढवीन.

मेमरी कार्ड, ते पण साधं चालत नाही, सतत लिहून-पुसून वर्षाच्या आत मरतं, आणि मेलेलं कळतं नेमकं ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी. हाय एंड्युरन्सवालं घ्या, महिन्याला फॉरमॅट करा. फुल एचडीला तासाला सहा-सात जीबी जातात, दोन कॅमेरे म्हणजे दुप्पट, ६४ जीबीत चार-पाच तास, मग जुनं पुसून नवं. धक्का बसला तर जी-सेन्सर ती फाइल लॉक करतो म्हणे, पण इंदूरच्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्याला धक्का बसतो, सेन्सर बिचारा खड्डेच लॉक करत बसणार. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर, मान्य आहे, अभिमान आहे, कचरा कुठे दिसत नाही, खड्डे पण स्वच्छ आहेत.

आता घरातलं. ही म्हणाली, "आवाज रेकॉर्ड होणार असेल तर माझी ना आहे." कारण मेहुण्याने मागे बैलाची क्लिप टाकली होती ना, त्यात बैल कोणी बघितलाच नाही, सगळ्यांनी वहिनींचा आवाज ऐकला, "यांच्याकडे इंदूरला वरणातसुद्धा शेव घालतात बाई." पंधरा दिवस आईने त्या घरी फोन केला नाही. (आणि घालतो शेव, काय म्हणणंय?) शिवाय ते तीन कॅमेऱ्यांचे सेट येतात त्यातला एक आत तोंड करून असतो, तो टॅक्सीवाल्यांना ठीक आहे, आमच्या गाडीत मागे पडदा ओढून माणसं कपडे बदलतात, आंघोळीचं पण तिथेच. ते मी स्वतःच कापलं. पण माइक बंद केला तर त्या काकाचं "वो तो ठीक है" रेकॉर्ड कसं होणार? मला तर तेच पाहिजे होतं, फ्रेम करून लावलं असतं.

वकील मित्राकडे गेलो, म्हटलं क्लिप असती तर कोर्टात चालली असती ना? तो हसला. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्याला सर्टिफिकेट लागतं, दोन भागांत, एक आपण भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकड्या-अक्षरांचा लांबलचक ठसा. हे सर्टिफिकेट म्हणजे गंमत नाही, २०२० साली सुप्रीम कोर्टाने यावरच मोठा निकाल दिला, आणि तो कोणाच्या भांडणात, तर आपल्या जालन्याच्या खोतकर आणि गोरंट्याल यांच्या निवडणुकीच्या! म्हणजे साडेतीन हजारांच्या कोपरासाठी मी हॅश व्हॅल्यू काढत बसू. मित्र म्हणाला, "अरे तेवढं लागणारच नाही, जागेवरच मोबाइलवर दाखवायचं." जागेवर! ते अ‍ॅप मी दुकानात करून बघितलं, आधी मोबाइल डेटा बंद करा, मग कॅमेऱ्याचं वायफाय शोधा, मग पासवर्ड, मग लोकेशनची परवानगी, मग "अपडेट उपलब्ध आहे." चाळीस माणसं कॉलर धरून उभी आणि मी म्हणणार, भिया एक मिनिट, अपडेट हो रहा है.

आणि सगळ्यात डोकं कशाने फिरलं सांगू? काल झोपताना लक्षात आलं, समोर कॅमेरा असता तरी तो बाईकवाला येताना दिसला असता, लागताना नाही. लागला तो मागच्या चाकापाशी, डाव्या बाजूला, तिथे समोरचा कॅमेरा पोचत नाही आणि मागचा पण पोचत नाही. काका काय म्हणाले असते ते मला आत्ताच ऐकू येतंय, "वो तो ठीक है, पर लगते हुए तो दिखा नहीं."

बरं आणि तो जीपीएसवाला घेतला तर क्लिपवर स्पीड छापून येतो, माझा. मी काही रोज संत नसतो, भेरूघाटात एकदा मी पण जिथे करायला नको तिथे ओव्हरटेक केलंय, आई अजून काढते ते. म्हणजे पैसे मी देणार, वायर मी ओढणार, बॅटरी माझी उतरणार, आणि साक्ष कदाचित माझ्याच विरुद्ध. तो पोरगा? त्याला काही लागत नाही, ना कॅमेरा, ना हेल्मेट, ना सर्टिफिकेट. पंधराच्या स्पीडने उभा राहिलेला माणूस मी, आणि निर्दोष असल्याचा खर्च पण माझ्याच खिशातून, वर कार्ड महिन्याला फॉरमॅट करायचं.

नाही लावत जा, असं म्हणून परवा जेवायला बसलो. तर आई म्हणाली, "लाव बाबा तो कॅमेरा, मला त्या दिवशी वाटलं तुला मारतात की काय." मी काही बोललो नाही. वरणात शेव घालून खाल्लं.

तर लावतोय. पुढचा एकच, सुपरकपॅसिटरवाला, जीपीएस नसलेला, फुल एचडी, १२८ जीबीचं कार्ड, चावीबरोबर चालू आणि चावीबरोबर बंद, पार्किंग मोड गेला खड्ड्यात, शिडी वाकायची असेल तर वाको. माइक चालू ठेवणार, हिने अट घातलीय की तिची बहीण गाडीत असेल तेव्हा बंद. मागचा नंतर बघू, त्यासाठी दहा मीटरची अखंड वायर कोणाला इंदुरात मिळाली असेल तर दुकान सांगा, जोड नको. आणि "एवढी मोठी गाडी घेतलीच कशाला" हे सांगायचं असेल तर राहू द्या, ते वहिनींनी सांगून झालंय.