‘एसटीचं रडगाणं’ म्हणणाऱ्या पालकास

एसटीच्या वेळांमुळं शाळेत ये-जा करणाऱ्या मुलांचा अभ्यास बुडतो आणि दहावीचा निकाल घसरतो, असं मी, एक गणिताचा शिक्षक, गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर ‘एक पालक’ या नावानं प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: निकालाचं साल चुकलंय. शिक्षक वर्गात काय करतात यावर चकार शब्द नाही. त्याच रस्त्यावरच्या, त्याच गाडीनं मुलं येणाऱ्या शेजारच्या शाळेचा निकाल दरवर्षी आमच्यापेक्षा वर असतो. मास्तरांची मुलं तालुक्याला इंग्रजी शाळेत शिकतात. आणि शेवटी, “एसटीचं रडगाणं पुरे करा, मास्तर.”

साल चुकलं, मान्य. राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला तो २०१९ ला, मी २०१८ लिहिलं होतं. २०१८ ला तो ८९.४१ होता. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘रडगाणं’. मुद्दा पटला नाही तर पटला नाही म्हणा. पण ज्या माणसानं सत्तावीस वर्षं खडू खाल्ला त्याला ‘मास्तर’ म्हणून हिणवायचं आणि स्वतःचं नावही सांगायचं नाही, ही कुठली पद्धत?

आमची शाळा बालाघाटच्या डोंगरात. दहावीच्या वर्गातली निम्मीअधिक पोरं वाड्या-वस्त्यांवरून येतात. सकाळची गाडी सव्वादहाला पोचते, शाळा साडेदहाला भरते. म्हणजे सकाळी जादा तास नाही. संध्याकाळी शाळा सुटते पाचला आणि शेवटची गाडी पाच वीसला. जादा तास घ्यायचा तर त्या वीस मिनिटांत. मी घेतो. फळ्यावर वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढत असतो आणि वर्गात अचानक कंपासपेट्या बंद व्हायला लागतात. मागं वळून बघायची गरज नसते. खिंडीत धुरळा दिसलेला असतो. खिडकीजवळची पोरगी हळूच म्हणते, “सर, आली.” एवढ्यावर तास संपतो. रचना अर्धी राहते ती राहतेच, कारण उद्या पुढचं प्रकरण.

एका मुलीनं ती राहिलेली रचना एसटीत बसून पुरी केली होती. दुसऱ्या दिवशी वही दाखवली. वर्तुळाचा पार बटाटा झालेला. “सर, खड्डे होते,” म्हणाली. मी बरोबरची खूण केली. याला तुम्ही रडगाणं म्हणता.

पोटाचं तर मी लिहिलंही नव्हतं, आता लिहितो. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. नववी-दहावीची पोरं सकाळी आठला घर सोडतात. आई-बाप दिवाळीनंतर उसाला गेलेले, घरी आजी. डब्यात भाकरी असली तर असली. चौथ्या तासाला आठवीच्या वर्गातून खिचडीचा वास येतो आणि मी बीजगणित शिकवत असतो.

२०२१ च्या नोव्हेंबरात एसटी संपावर गेली ती एप्रिलपर्यंत धड सुरू नव्हती. ते अख्खं दहावीचं वर्ष पोरांनी काळीपिवळीच्या टपावर काढलं, ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी. (त्या वर्षी राज्याचा निकाल ९६.९४ टक्के लागला, हे तुम्ही उकरून काढालच. मग अभ्यासक्रम पाव भागानं कमी केला होता, पेपर आपापल्या शाळेत झाले आणि वेळही वाढवून दिला होता, तेही उकरा.)

शिक्षक वर्गात काय करतात, म्हणता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले, पुस्तकंही नवी होती, निकाल बारा टक्क्यांनी खाली. २०२० ला गुण परत दिले, निकाल ९५.३०. शिक्षक तेच. मग आम्ही २०१९ ला आळशी झालो आणि वर्षभरात पुन्हा कामसू? तुम्हीच सांगा. निवडणूक, मतदारयाद्या, हरतऱ्हेचे ऑनलाइन तक्ते, यातून जो वेळ उरतो त्यात आम्ही शिकवतो. आमच्यात कामचुकार कुणी नाही असं मी म्हणणार नाही. कुठल्या ऑफिसात नसतात?

मी स्वतः १९८७ ला दहावीला गणितात गेलो. तेव्हा रोज सहा किलोमीटर चालत जायचो. ऑक्टोबरला पेपर पुन्हा दिला आणि सुटलो, पुढं गणिताचाच शिक्षक झालो. तेव्हा ‘आम्हीही चालत गेलो, आम्ही नाही रडलो’ हे मला शिकवू नका. मी चालत गेलो आणि नापास झालो.

माझी मुलगी कुठं शिकते हा माझ्या घरचा प्रश्न आहे.

शेजारच्या शाळेचं म्हणाल, तर प्रत्येक शाळेची परिस्थिती वेगळी असते, तुलना करण्यात अर्थ नाही. त्यांचे मुख्याध्यापक सातला येतात म्हणे, आणि पोरांना तिथंच मुक्कामी ठेवतात परीक्षेआधी दोन महिने. त्यांना जमतं. त्यावर कधीतरी सवडीनं.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. मी माझं साल दुरुस्त केलं. ‘रडगाणं’ तुम्ही मागं घ्यायचं की नाही, ते बघा.