'दोन किलोच्या वर उचलू नका' हा मेसेज पुढे पाठवू नका

दिवाळीपासून हा मेसेज माझ्याकडे सात वेळा आला. भिशीच्या ग्रुपवरून आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला, आणि रावपुऱ्यातल्या एका काकूंनी तर तो वहीच्या कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवला. मेसेज थोडक्यात असा:

"हाडं ठिसूळ झाली असतील तर दोन किलोपेक्षा जास्त वजन कधीही उचलू नका. वजनानं हाडं झिजतात, मणका दबतो. चालणं आणि पोहणं पुरेसं आहे. वजनाऐवजी पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कार करा. साठीनंतर स्नायू वाढत नाहीत, जिम तरुणांसाठी आहे. रोज दूध आणि कॅल्शियमची गोळी घ्या, हाडं आपोआप भरतील."

मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी साठी-सत्तरीतल्या, मराठी घरांतल्या. हा मेसेज वाचून त्यांतल्या दोघींनी व्यायाम सोडला. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे.

"वजनानं हाडं झिजतात."

सगळा गोंधळ 'झीज' या शब्दात आहे. गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पातळ होते, तिला आपण झीज म्हणतो. हाडं आतून विरळ होतात, त्यालाही झीजच म्हणतो. पहिला आजार सांध्याचा, दुसरा हाडाचा. दोन्ही एकाच बाईला असू शकतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. चपलेची टाच वापरून झिजते तसं हाड वापरून झिजत नाही. हाड न वापरल्यानं विरळ होतं.

हाड जिवंत असतं. जुनं हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवं हाड भरणाऱ्या पेशी आयुष्यभर आपापलं काम करत राहतात. हाडाच्या आत तिसऱ्या प्रकारच्या पेशी असतात, त्यांचं काम लक्ष ठेवण्याचं. भार आला की हाड अगदी किंचित, डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं. त्यानं आतल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलतो आणि या पेशींना कळतं की इथे जोर पडतोय. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून भरणाऱ्या पेशींचा हात धरून ठेवतात. भार पडला की हे प्रथिन कमी सुटतं आणि भरणाऱ्या पेशी कामाला लागतात. हाड पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मनीतल्या युलियस वोल्फ या शल्यविशारदानं १८९२ मध्येच मांडलं होतं.

टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळवीर. तिथे शरीराला वजनच नाही, त्यामुळे खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का उतरते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि पोखरणाऱ्या पेशी वरचढ होतात. अशा वेळी भारही काढून घेतला, तर भरणाऱ्या पेशींना कामाला लावणारं आणखी एक कारण आपण आपल्या हातानं काढून घेतो.

"दोन किलोपेक्षा जास्त वजन कधीही उचलू नका."

हे लिहिणाऱ्यानं आपल्या घरातला दिवस पाहिलेला दिसत नाही. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास. गॅसच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो. सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) डबा पंधरा किलोचा. नातू दोन वर्षांचा असेल तर दहा-बारा किलोचा, आणि तो 'आजी, उचल' म्हणतो तेव्हा कोणती आजी आधी वजनकाटा काढते? वजन आयुष्यात येणारच आहे. ते उचलायला शरीर तयार आहे का आणि आपल्याला ते नीट उचलता येतं का, हे बघायला हवं.

फ्रिजवर कागद लावणाऱ्या काकूंचंच सांगते. वय ६८, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी आहे ते सांगणारा आकडा, उणे २.८. (उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हा जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४चा निकष.) त्यांच्याकडे अजून उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, दिवेल (एरंडेल) चोळून, पत्र्याच्या कोठीत. दोन वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या आदल्या दिवशी कोठी तळाला गेली होती. काकू कमरेतून वाकून, जवळजवळ डोकं कोठीत घालून, वाटीवाटीनं गहू काढत होत्या. हातातला डबा तीन किलोचाही नव्हता. तो घेऊन किंचित वळून वर येताना पाठीत अशी कळ आली की डबा तिथेच सुटला. एक्स-रेमध्ये पाठीच्या बाराव्या मणक्याची पुढची बाजू चेपलेली दिसली.

घरात सगळे म्हणाले, वजन उचललं म्हणून झालं. मला तसं वाटत नाही. पाठ गोल करून पुढे झुकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा दाब एकवटतो, आणि विरळ झालेला मणका नेमका तिथेच चेपतो. तोच डबा गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, अंगाजवळ धरून उचलला असता तर हा दाब कितीतरी कमी पडला असता. पण मनात भीती बसली ती वजनाची. मग हा मेसेज आला आणि काकूंनी सगळंच सोडलं. तीन महिन्यांत खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले.

दोन किलोचा आकडा कुणी कुठून आणला ते मेसेजमध्ये नाही. जवळपास याच आकड्याची पारख मात्र झालेली आहे. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायकांचे दोन गट केले. सरासरी वय ६५. एका गटानं घरी हलका व्यायाम केला, हातातलं वजन जास्तीत जास्त तीन किलो. दुसऱ्या गटानं आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं), स्क्वॅट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डोक्यावर बार उचलणं, शिवाय उडी मारून खाली उतरणं. वजन एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्के, पाच-पाच वेळा, पाच फेऱ्या. आठ महिन्यांनी जड वजनाच्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. तीन किलोवाल्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. जड वजनाच्या गटात दुखापत म्हणावी अशी एकच नोंद झाली, एका बाईची कंबर धरली आणि तिची दोन सत्रं चुकली.

हे वाचून कुणी उद्याच जिममध्ये जाऊन बार खांद्यावर घेऊ नये. त्या बायकांनीही पहिला महिना नुसती हालचाल शिकण्यात आणि हलक्या भारात घालवला होता. नुकतंच हाड मोडलेल्या बायका त्या अभ्यासात नव्हत्या, आणि शिकवणारी माणसं प्रत्येक सत्रात समोर उभी होती.

"चालणं आणि पोहणं पुरेसं आहे."

कमाटीबागेत सकाळी चालणाऱ्यांना मी कधीच थांबवणार नाही. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं उत्तमच. पण रोज त्याच चालीनं सपाट रस्त्यावर चाललं की हाडाला त्यात नवीन काही उरत नाही, त्या भाराची त्याला केव्हाच सवय झालेली असते. नुसत्या चालण्यानं घनता फारशी वाढत नाही. पोहताना तर पाणीच अंगाचा भार उचलतं. गुडघे दुखणाऱ्यांना ते वरदान आहे, हाडांसाठी ते अपुरं आहे.

"वजनाऐवजी पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कार करा."

मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे आहे, कारण ते निरुपद्रवी वाटतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८४चा अभ्यास बघा. मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका होत्या. पाठ मागे ताणून बळकट करण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींमध्ये पुढे मणके नव्यानं चेपल्याचं दिसलं. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८९ टक्के होतं. काहीच व्यायाम न करणाऱ्यांमध्ये ६७ टक्के. अभ्यास छोटा आहे, पुढे वाकणाऱ्या गटात नऊच जणी होत्या, पण मणका कसा चेपतो याच्याशी तो तंतोतंत जुळतो.

मी स्वतः योगासनं करते आणि शिकवतेही. भुजंगासन पोटावर झोपून, हळू, छातीपुरतं वर येत केलं तर पाठीला चांगलं. ताडासन, भिंतीला धरून वृक्षासन, तेही चांगलं. पण हाडं ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातलं कपाळ गुडघ्याला लावणं सोडून द्या. पोटाची चरबी कमी व्हावी म्हणून बायका झोपून उठाबशा काढतात, त्याही नकोत. कोठीत ज्या हालचालीनं काकूंचा मणका गेला, तीच हालचाल सतरंजीवर रोज बारा वेळा कशासाठी करायची?

"साठीनंतर स्नायू वाढत नाहीत, जिम तरुणांसाठी आहे."

बॉस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. साठीचं काय घेऊन बसलात! शिवाय खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडतं, आणि पाय बळकट असलेला माणूस अडखळला तरी सावरतो. आपल्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांची तालीम म्हणून सगळा गाव ते ओळखतो. व्यायामाचा एवढा वारसा असलेल्या शहरात आजीनं डंबेल उचललं तर तिला हसायचं, हे मला मनापासून खुपतं.

"दूध आणि कॅल्शियमची गोळी घ्या, हाडं आपोआप भरतील."

आपोआप काही भरत नाही. कॅल्शियम हवंच. पाळी गेलेल्या भारतीय बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दोन कप दुधानं भागत नाही. दही, तीळ, नाचणी, पालेभाज्या हवेत, ड जीवनसत्त्व तपासायला हवं, प्रथिनंही पुरेशी हवीत. पण हा झाला विटा-सिमेंटचा ढीग. भिंत कुठे बांधायची ते भार सांगतो. आणि टी-स्कोर फार खाली असेल किंवा एखादं हाड मोडलेलं असेल, तर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन डॉक्टर देतात ते घ्यायचंच. व्यायाम करतेय म्हणून औषध बंद केलं, असं दोघींनी मला अभिमानानं सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वजन उचलून उणे २.८चं शून्य होत नाही.

मेसेजमागची भीती मात्र खरी आहे. चुकीच्या पद्धतीनं उचललेलं वजन मणका चेपू शकतं. म्हणून काकूंना डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पहिले चार आठवडे मी हातात वजन दिलंच नाही. लाकडी झाडूची दांडी पाठीवर उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तीन ठिकाणी दांडी टेकलेली हवी. मग नितंब मागे ढकलत, गुडघे सैल सोडत खाली जायचं, आणि तिन्ही ठिकाणचा स्पर्श सुटू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी काकूंचा स्पर्श प्रत्येक वेळी माकडहाडापाशी सुटायचा. "अगं, मी सरळच आहे," म्हणायच्या. मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा गप्प बसल्या. तिसऱ्या आठवड्यात जमलं.

त्यानंतर पाण्याचे दोन लिटरचे डबे, स्टुलावर ठेवलेले, म्हणजे जमिनीपर्यंत जायला नको. मग चार किलो. वजन असं निवडायचं की आठ-दहा वेळा उचलल्यावर शेवटच्या दोन वेळा खरोखर जड गेलं पाहिजे, पण पाठीचा आकार बिघडता कामा नये. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. रक्तदाब असेल तर हे विसरू नका. वजन हातात असताना कमरेतून वळायचं नाही, पाय उचलून पूर्ण अंग वळवायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं रोज. उड्या मी काकूंना देत नाही, मणका चेपलेल्या कुणालाच देत नाही. नवरात्रात गरबा खेळायचाय ना, असं त्या विचारतात. संथ फेरीचा खेळा, टाळी देताना खाली वाकायचं तेवढं टाळा, असं सांगून ठेवलंय.

आज त्या आठ किलो उचलतात. नोंद फ्रिजवरच्या त्याच कागदाच्या मागे करतात.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर त्याआधी एक साधी गोष्ट करा. भिंतीला टेकून उंची मोजा आणि लग्नाच्या वेळची किंवा जुन्या पासपोर्ट अर्जावरची उंची आठवा. दीड इंचाहून जास्त फरक असेल, किंवा पाठीला पोक येत चालला असेल, तर आधी पाठीचा एक्स-रे काढून घ्या. मणका न दुखताही चेपलेला असू शकतो. आणि व्यायाम करताना पाठीच्या मध्यभागी अचानक तीव्र कळ आली, उभं राहिल्यावर वाढणारी, पट्ट्यासारखी पुढे बरगड्यांकडे येणारी, तर ती 'लचक' समजून बाम चोळत बसू नका. वजन खाली ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.